पेढी आणि ग्रंथालय : हॅम्बुर्गच्या वारबुर्ग घराण्याचा इतिहास

जर्मनीतील ज्यूंच्या छळाचा इतिहास वाचताना विद्यार्थ्यांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर आला. महायुद्ध सुरू झाले ते १ सप्टेंबर १९३९ रोजी. मधल्या साडेसहा वर्षांत हे लोक काय करीत होते? संकट डोळ्यांसमोर दिसत असताना ते वेळीच देश सोडून का गेले नाहीत?

प्रश्न सरळ आहे, पण तो विचारणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांना तो ठाऊक नव्हता. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सिद्धान्तापेक्षा एखाद्या घराचा इतिहास घेऊन बसणे अधिक उपयोगाचे. प्रस्तुत लेखासाठी हॅम्बुर्ग शहरातील वारबुर्ग या सराफी घराण्याची निवड केली आहे. या घराण्याने १९३३ या एकाच वर्षी दोन परस्परविरुद्ध निर्णय घेतले. घराण्याचे ग्रंथालय देश सोडून गेले आणि घराण्याची पेढी मागे राहिली. या दोन निर्णयांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे वरील प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येईल.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. १९३३ साली जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. त्यांतील बहुसंख्य लोक दुकानदार, फिरते विक्रेते, कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर असे मध्यम स्थितीतले होते. वारबुर्गांसारखी श्रीमंती फार थोड्यांकडे होती. म्हणून या घराण्याची कहाणी ती सर्व ज्यूंची कहाणी असे मानता येणार नाही. परंतु पैसा, ओळखी आणि परदेशात सख्खे भाऊ असलेल्यांनाही निर्णय इतका जड गेला, तर ज्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते त्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

गावावरून पडलेले नाव

वारबुर्ग हे जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतातले एक लहान गाव. १५५९ साली सिमोन फॉन कासेल नावाच्या एका ज्यू गृहस्थाला तेथे राहून पैशांची देवघेव करण्याचा परवाना मिळाला. त्या काळी ज्यूंना जमीन बाळगता येत नसे, कारागिरांच्या श्रेणींमध्ये प्रवेश नसे, आणि बहुतेक गावांत कायमचे राहण्याचा हक्कही नसे. राज्यकर्त्याला कर भरून ठराविक मुदतीचे संरक्षणपत्र घ्यावयाचे आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज करावयाचा, अशी रीत होती. पैशांची देवघेव हा धंदा त्यांनी आवडीने निवडला असे म्हणण्यापेक्षा, इतर दारे बंद असल्यामुळे तो त्यांच्या वाट्याला आला असे म्हणणे योग्य होईल.

पुढे हे कुटुंब उत्तरेकडे सरकले. प्रथम हॅम्बुर्गला लागून असलेल्या, परंतु डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालील आल्टोना गावी, आणि नंतर हॅम्बुर्गमध्ये. १७९८ साली मोझेस मार्कस आणि गेर्सन या दोघा भावांनी आपली पेढी रीतसर स्थापन केली. थोरल्या भावाच्या नावावरून तिला एम. एम. वारबुर्ग आणि कंपनी हे नाव मिळाले. हॅम्बुर्ग हे बंदराचे शहर. जगभरचा माल तेथे उतरे, आणि मालापाठोपाठ हुंड्या येत. हुंड्या वटविणे, परकीय नाण्यांचा व चांदीचा व्यवहार करणे, व्यापाऱ्यांना अल्पमुदतीची कर्जे देणे हे पेढीचे मुख्य काम होते.

या घराण्याच्या इतिहासात एका स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. मोझेस मार्कस यांची कन्या सारा हिचे पती १८५६ साली वारले आणि पेढीची सूत्रे तिच्या हाती आली. दुसऱ्याच वर्षी व्यापारावर मोठी मंदी कोसळली. हॅम्बुर्गमधील पेढ्या एकापाठोपाठ एक बुडू लागल्या. शहराला तातडीने चांदी हवी होती. साराचे जावई व्हिएन्नातील एका मोठ्या बँकेत अधिकारपदावर होते. ऑस्ट्रियाने कर्जाऊ दिलेली चांदी १८५७ च्या डिसेंबरात आगगाडीने हॅम्बुर्गला पोहोचली आणि शहराची पत सावरली. या कर्जाच्या वाटाघाटीत त्या जावयाचा हात होता. अडचणीच्या वेळी नातेसंबंध हेच भांडवल ठरते, हा धडा या घराण्याने तेव्हाच गिरविला. पुढल्या काळात त्याचा पुन्हा उपयोग झाला.

१८७१ साली एकसंध जर्मन साम्राज्य स्थापन झाले तेव्हा ज्यूंना कायद्याने समान नागरिकत्व मिळाले. तीनशे वर्षे मुदतीच्या परवान्यावर जगलेल्या कुटुंबाला आता देश मिळाला होता. ही गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे, कारण १९३३ मध्ये निर्णय घेणारी पिढी या नव्या विश्वासाच्या वातावरणात वाढलेली होती.

पाच भाऊ

साराचा मुलगा मोरित्स याला सात अपत्ये झाली. त्यांत पाच मुलगे. आबी, मॅक्स, पॉल, फेलिक्स आणि फ्रित्झ. थोरल्या आबीचा जन्म १८६६ चा. पेढीची गादी परंपरेने त्याच्याकडे जायची. परंतु आबीला आकडेमोडीची गोडी नव्हती, त्याला पुस्तकांचा नाद होता. तेरा वर्षांचा असताना त्याने बारा वर्षांच्या मॅक्सशी एक सौदा केला, असे मॅक्स यांनी पुढे सांगितले आहे. पेढीवरचा वडीलकीचा हक्क आबीने सोडावा आणि मोबदल्यात मॅक्सने त्याला जन्मभर हवी तितकी पुस्तके घेऊन द्यावीत. मॅक्सला वाटले, एवढेसे मागणे ते काय! काही नाटके, काही काव्यसंग्रह पुरवले की झाले. पण आपण भावाला अमर्याद रकमेचा कोरा धनादेश लिहून दिला होता हे त्याला मोठेपणी कळले. विशेष हे की, मॅक्स यांनी तो शब्द अखेरपर्यंत पाळला.

पॉल आणि फेलिक्स यांची लग्ने १८९५ साली न्यूयॉर्कमधील कून, लोब या बँकेच्या भागीदारांच्या घरांत झाली. दोघेही अमेरिकेत स्थायिक झाले. अमेरिकेला मध्यवर्ती बँक असावी हा विचार मांडून तो तडीस नेणाऱ्यांत पॉल अग्रगण्य होते, आणि १९१४ साली स्थापन झालेल्या फेडरल रिझर्व्ह मंडळाचे ते पहिल्या सदस्यांपैकी एक होते. फेलिक्स यांनी लोककार्याला वाहून घेतले. युरोपातील संकटग्रस्त ज्यूंना मदत पोहोचविणाऱ्या संयुक्त वाटप समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. मॅक्स आणि धाकटे फ्रित्झ हॅम्बुर्गच्या पेढीत राहिले.

मॅक्स हे पक्के जर्मन देशाभिमानी होते. जर्मनीच्या आगबोट व्यापाराचा कणा असलेल्या हापाग कंपनीच्या संचालक मंडळावर ते होते. १९१९ साली व्हर्सायच्या तहाच्या वेळी जर्मन शिष्टमंडळाचे आर्थिक सल्लागार म्हणून ते आणि त्यांचे भागीदार कार्ल मेल्किओर गेले होते. तहाच्या अटी जाचक आहेत, त्यांवर सही करू नये, असे त्यांचे मत होते. पण पराभवाचे खापर ज्यूंवर फोडू पाहणाऱ्यांना याच्याशी कर्तव्य नव्हते. एक भाऊ जर्मनीत, दुसरा अमेरिकेत, म्हणजे हे जागतिक कारस्थानच, असा प्रचार सुरू झाला. वस्तुतः पहिल्या महायुद्धात पॉल अमेरिकेशी आणि मॅक्स जर्मनीशी एकनिष्ठ राहिले होते. भाऊ शत्रुराष्ट्रात म्हणून पॉल यांना १९१८ साली मंडळावरून दूर व्हावे लागले, आणि मॅक्स यांच्यावर परक्यांचा हस्तक असा शिक्का बसला. निष्ठेचा पुरावाच संशयाचे कारण व्हावे, ही या छळाच्या मानसशास्त्रातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

ग्रंथालय

इकडे आबी यांचा संग्रह वाढत होता. त्यांचा अभ्यासविषय इटलीतील प्रबोधनकाळाची कला हा होता. प्राचीन ग्रीक व रोमन प्रतिमा मध्ययुगात कुठे लपल्या, कोणत्या वेषात टिकल्या आणि पुन्हा कशा प्रकटल्या, याचा शोध त्यांना घ्यावयाचा होता. त्यासाठी चित्रकलेचे ग्रंथ पुरे पडत नव्हते. ज्योतिष, जादूटोणा, धर्मविधी, उत्सव, पोशाख, व्यापारपत्रे, टपालाची तिकिटे असे सारेच त्यांना हवे असे. पुस्तकांची मांडणीही निराळी होती. लेखकाचे नाव वा आकार न पाहता, विचाराने एकमेकांच्या जवळची पुस्तके शेजारी ठेवीत. हव्या असलेल्या पुस्तकापेक्षा त्याच्या शेजारचे, आपल्याला माहीत नसलेले पुस्तकच अनेकदा खरे उत्तर देते, असा त्यांचा अनुभव होता. याला ते चांगल्या शेजाराचा नियम म्हणत.

१९१८ च्या पराभवानंतर आबी यांचे मन ढासळले आणि १९२४ पर्यंत त्यांना मनोरुग्णालयांत राहावे लागले. त्या काळात फ्रित्झ सॅक्स्ल या तरुण व्हिएन्नी अभ्यासकाने खाजगी संग्रहाचे संशोधन संस्थेत रूपांतर केले. हॅम्बुर्ग विद्यापीठ १९१९ साली स्थापन झाले होते. तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासीरर आणि कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की तेथे प्राध्यापक होते, आणि दोघांचेही काम या ग्रंथालयाच्या आधाराने फुलले. १९२६ साली हाइलविग रस्त्यावर ग्रंथालयाची स्वतंत्र वास्तू उभी राहिली. तिच्या प्रवेशद्वारावर ग्रीक लिपीत एकच शब्द कोरला होता, म्नेमोसिनी. ही स्मृतीची देवता, सर्व कलादेवतांची माता. आबी १९२९ च्या ऑक्टोबरात वारले. पुढे काय वाढून ठेवले होते ते पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

१९३३ : पुस्तके निघाली

१ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांवर देशव्यापी बहिष्कार पुकारण्यात आला. ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यात आले, आणि विद्यापीठाचे प्राध्यापकही त्यातच मोडत. पॅनॉफ्स्कींची नोकरी गेली. १९२९-३० साली याच विद्यापीठाचे कुलगुरू असलेले कासीरर देश सोडून गेले. १० मे रोजी बर्लिनमध्ये आणि १५ मे रोजी हॅम्बुर्गमध्ये पुस्तकांची होळी झाली. ज्या शहरात पुस्तके जाळली जातात तेथे असे ग्रंथालय राहणे शक्य नाही, हे सॅक्स्ल आणि त्यांच्या सहकारी गेर्ट्रूड बिंग यांनी ओळखले.

हॉलंड, इटली अशा पर्यायांचा विचार झाला आणि अखेर लंडन ठरले. इंग्लंडमधील उद्योगपती सॅम्युएल कोर्टोल्ड यांनी आणि अमेरिकेतील वारबुर्गांनी खर्चाचा भार उचलला. ग्रंथालयाच्या खर्चातील मोठा वाटा अमेरिकन भावांचा असल्याने संग्रहावर अमेरिकन मालकीचा दावा करता येत होता, आणि जर्मन सरकारला त्या वेळी अमेरिकेशी तंटा नको होता. कागदोपत्री हे स्थलांतर नव्हतेच. तीन वर्षांसाठी लंडनला उसने दिलेले ग्रंथालय, असे त्याचे स्वरूप ठेवण्यात आले. गाजावाजा होऊ द्यायचा नाही, अशीही अट होती. पहिल्या महायुद्धाविषयीची सुमारे दोन हजार पुस्तके मागे ठेवावी लागली. उरलेले सुमारे साठ हजार ग्रंथ, छायाचित्रे, कपाटे व सामान ५३१ खोक्यांत भरून डिसेंबर १९३३ मध्ये हर्मिया आणि जेसिका या दोन लहान आगबोटींतून एल्ब नदीच्या मार्गाने बाहेर पडले.

उसने गेलेले हे ग्रंथालय परत आले नाही. १९४४ साली ते लंडन विद्यापीठाचा भाग झाले. कलेच्या इतिहासाचे विद्यार्थी ज्यांचे ग्रंथ वाचतात ते एर्न्स्ट गोम्ब्रिक हे व्हिएन्नाचे ज्यू निर्वासित. ते १९३६ साली या संस्थेत आले आणि १९५९ ते १९७६ तिचे संचालक होते. इंग्लंडमध्ये कलेतिहास ही ज्ञानशाखा म्हणून रुजण्यात या खोक्यांचा मोठा वाटा आहे.

१९३३ : पेढी राहिली

मग पेढी का राहिली? मॅक्स तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. १३५ वर्षांची पेढी, शेकडो जुनी खाती, पिढ्यान्‌पिढ्यांचे नोकर, हे सारे खोक्यांत भरता येण्यासारखे नव्हते. पेढीची संपत्ती तिजोरीतल्या नाण्यांहून लोकांच्या विश्वासात अधिक असते, आणि विश्वास गावाबाहेर नेता येत नाही. शिवाय १९३१ च्या बँकसंकटात पेढी बुडता बुडता वाचली होती, तीही अमेरिकेतील भावांनी पदरचा पैसा घातला म्हणून. नव्याने उभी राहिलेली पेढी दोन वर्षांत सोडून जाणे मॅक्स यांना पटत नव्हते. रायश बँकेचे अध्यक्ष शाख्त हे त्यांच्या जुन्या ओळखीचे. असा जाणता माणूस वर आहे तोवर व्यापाराला धक्का लागणार नाही, असेही त्यांना वाटे. हे वादळ आहे, ओसरेल, अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची होती, पण १९३३ साली ती केवळ त्यांचीच नव्हती.

अपमान मात्र लगेच सुरू झाले. ज्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर मॅक्स होते, तेथून त्यांना एकेक करून दूर करण्यात आले. हापागच्या मंडळावरून ते निघाले त्या वेळची एक हकीकत घराण्याच्या इतिहासात सांगितली जाते. निरोपाचे भाषण करावयास कोणी धजेना. सगळे खाली माना घालून बसले. तेव्हा मॅक्स स्वतःच उठले आणि मंडळाच्या वतीने स्वतःलाच उद्देशून आभाराचे भाषण करून खाली बसले. विनोदाने लपविलेले दुःख याहून वेगळे काय असते?

याच वेळी घराण्यातील एका तरुणाने निराळे अनुमान काढले. दूरच्या शाखेतील सिग्मुंड वारबुर्ग तेव्हा तिशीत होते. १९३४ साली ते लंडनला गेले आणि तेथे नव्याने धंदा मांडला. त्यातूनच १९४६ साली एस. जी. वारबुर्ग ही बँक झाली. १९६३ सालच्या पहिल्या युरोडॉलर रोख्यांच्या उभारणीमुळे ती जगप्रसिद्ध झाली. तरुण वय, थोडे सामान आणि मोकळे मन हे निर्वासिताचे भांडवल. मॅक्स यांच्यापाशी यांपैकी एकही नव्हते.

देश सोडण्याची किंमत

येथे थोडे थांबून देशांतराचा व्यवहार समजून घेतला पाहिजे, कारण छळाचे एक मोठे अंग या हिशेबात दडलेले आहे. जर्मनीतून भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून १९३१ साली, म्हणजे हिटलरच्या आधी, देशत्यागकर बसविण्यात आला होता. दोन लाख मार्कांहून अधिक संपत्ती असणाऱ्याने देश सोडताना तिचा चौथा हिस्सा सरकारजमा करावा, असा तो नियम. १९३४ साली ही मर्यादा पन्नास हजारांवर आणली गेली, आणि मूळच्या आर्थिक उपायाचे ज्यूंना नागविण्याच्या हत्यारात रूपांतर झाले. कर भरून उरलेला पैसाही नेता येत नसे. तो गोठविलेल्या खात्यात पडे, आणि परकीय चलन हवे असेल तर सरकार ठरवील त्या भावाने घ्यावे लागे. या हुंडणावळीत होणारे नुकसान वर्षावर्षाला वाढत गेले. १९३४ च्या सुरुवातीला ते शेकडा वीस होते आणि १९३९ च्या सप्टेंबरात शेकडा शहाण्णव झाले. म्हणजे शंभर मार्क देणाऱ्याच्या हाती चार मार्कांचे परकीय चलन पडे.

दुसऱ्या बाजूस, निष्कांचन माणसाला कोणताही देश आत घेत नव्हता. पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. तेथे एक हजार पौंड घेऊन येणाऱ्याला कामगारांच्या ठराविक संख्येबाहेर प्रवेश मिळे. पण पौंड आणायचे कोठून? यावर १९३३ च्या ऑगस्टमध्ये एक करार झाला. हाआवारा म्हणजे हस्तांतर. जाणाऱ्याने आपले मार्क जर्मनीतील एका विश्वस्त संस्थेत भरायचे, त्या मार्कांतून जर्मन माल विकत घेऊन पॅलेस्टाइनला पाठवायचा, आणि तेथे माल विकून आलेले पौंड त्या निर्वासिताला द्यायचे. ही विश्वस्त संस्था चालविणाऱ्या दोन बँकांपैकी एक होती एम. एम. वारबुर्ग. या मार्गाने शंभर कोटी नव्हे, पण दहा कोटींहून अधिक मार्क बाहेर गेले आणि पन्नास हजारांहून अधिक माणसांना वाट मिळाली, असा इतिहासकारांचा हिशेब आहे.

या करारावर त्या काळी ज्यूंमध्येच कडाक्याचा वाद झाला. अमेरिकेत जर्मन मालावर बहिष्काराची चळवळ चालू असता जर्मन माल खपविणे म्हणजे शत्रूचे हात बळकट करणे, असे एक पक्ष म्हणे. माणसे वाचवायची तर राक्षसाशीही सौदा करावा लागेल, असे दुसरा. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे होती. इतर देशांत जाणाऱ्यांना साहाय्य करणाऱ्या संस्थेचे नेतृत्वही मॅक्स यांच्याकडे होते. पेढी जिवंत आहे तोवर जाणाऱ्यांची सोय लावता येते, हे त्यांच्या राहण्याचे एक कारण पुढेपुढे अधिक बळकट होत गेले.

१९३८

१९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले. १९३७ च्या अखेरीस शाख्त यांचे अर्थमंत्रिपद गेले, आणि ज्यूंचे उद्योग बळकाविण्याच्या मोहिमेला वेग आला. तिला आर्यीकरण असे गोंडस नाव होते. त्यात बहुधा दरोडा नसे. करारपत्र असे, मुद्रांक असे, दोन्ही पक्षांच्या सह्या असत. फक्त विकणाऱ्याला नाही म्हणण्याचा हक्क नसे, आणि किंमत घेणाऱ्याच्या सोयीने ठरे.

मे १९३८ मध्ये वारबुर्ग पेढीचेही असेच झाले. रुडॉल्फ ब्रिंकमान हे पेढीतील अनेक वर्षांचे विश्वासू मुखत्यार. त्यांच्या आणि पाउल विर्त्स या व्यापाऱ्याच्या हाती पेढी सोपविण्यात आली. १४० वर्षांच्या नावलौकिकाची किंमत हिशेबात शून्य धरली गेली. नाव काही काळ तेच राहिले, कारण परदेशांत त्या नावाला पत होती. मालक नको होते, पण नाव हवे होते. १९४१ साली तेही पुसून ब्रिंकमान, विर्त्स आणि कंपनी अशी पाटी लागली.

मॅक्स १९३८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेस गेले. परतण्याचा बेत होता. परंतु ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनेगॉग पेटविण्यात आले, दुकाने फोडण्यात आली, आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना धरून छळछावण्यांत नेण्यात आले. वर झालेल्या नुकसानीचा दंड म्हणून ज्यूंवरच शंभर कोटी मार्क बसविण्यात आले! मॅक्स परत फिरले नाहीत. हॅम्बुर्गच्या ज्यू रुग्णालयाचे काम पाहण्यासाठी मागे राहिलेले फ्रित्झ पकडले गेले. सुटका झाल्यावर १९३९ साली ते स्वीडनला पोहोचले.

त्याच सुमारास मॅक्स यांची कन्या लोला इंग्लंडमध्ये मुलांच्या सुटकेच्या कामात गुंतली होती. सुमारे दहा हजार मुले आईबापांशिवाय आगगाडीने इंग्लंडला पोहोचविण्यात आली. त्यांतील बहुतेकांची आईबापांशी पुन्हा गाठ पडली नाही.

ज्यांना वाट सापडली नाही

घराण्यातील सर्वच वाचले असे नाही. आल्टोना शाखेतील एक वृद्ध माता आणि तिची डॉक्टर असलेली मुलगी हॉलंडमध्ये आश्रयाला गेल्या होत्या. जर्मन सैन्य १९४० साली तेथे पोहोचले. देश सोडला म्हणजे संकट सुटले असे नव्हते, कारण संकटच मागून चालत आले. १९४३ साली त्यांना सोबिबोरच्या मृत्युछावणीत पाठविण्यात आले.

हॅम्बुर्गमधील ज्यूंची पहिली मोठी पाठवणी २५ ऑक्टोबर १९४१ रोजी झाली. एक हजाराहून अधिक माणसे पोलंडमधील लोड्झच्या वस्तीकडे गेली. त्याच महिन्यात ज्यूंच्या देशांतरावर बंदी आली. तोवर जर्मनीतील निम्म्याहून अधिक ज्यू बाहेर पडले होते. उरले ते बहुतांशी म्हातारे, गरीब, आणि ज्यांचे परदेशात कोणी नव्हते असे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा विचार करण्यास जमले होते, आणि जवळजवळ प्रत्येकाने सहानुभूती दाखवून दार लावून घेतले होते. तेव्हा वेळीच का गेले नाहीत, या प्रश्नाला जोडूनच दुसराही विचारला पाहिजे : जाऊ म्हणणाऱ्यांना घेत कोण होते?

नंतर

मॅक्स १९४६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे वारले. त्यांचे पुत्र एरिक अमेरिकन सैन्यात अधिकारी झाले होते. युद्ध संपताच पकडलेल्या गोअरिंगची जबानी घेणाऱ्यांत ते होते. हॅम्बुर्गजवळ ब्लांकेनेझ येथे वारबुर्गांची उन्हाळी मालमत्ता होती. १९४६ पासून १९४८ पर्यंत तेथे बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीतून वाचलेल्या ज्यू मुलांसाठी निवास चालला. ज्या बागेत या घराण्याची मुले खेळली, तेथे आता आईबाप नसलेली मुले पुन्हा लिहा-वाचायला शिकत होती. पुढे त्यांतील बहुतेक पॅलेस्टाइनला गेली.

पेढीचा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळला. ब्रिंकमान यांनी युद्धकाळात पेढी जपली होती हे खरे, पण जपलेली ठेव परत करावयाची असते, यावर मतभेद झाले. तडजोडीने घराण्याला हिस्सा मिळाला, नाव मिळाले नाही. १९५६ साली एरिक हॅम्बुर्गला परतून भागीदार झाले. १९७० साली पाटीवर वारबुर्ग हे नाव इतर नावांबरोबर आले, आणि जुने नाव जसेच्या तसे लागले ते १९९१ साली. एरिक त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. ग्रंथालयाची रिकामी वास्तू हॅम्बुर्ग शहराने १९९३ साली विकत घेतली, आणि ती आज पुन्हा अभ्यासासाठी वापरली जाते. पुस्तके लंडनलाच आहेत.

उपसंहार

वरवर पाहता निष्कर्ष सोपा वाटतो : पुस्तके वेळीच निघाली, म्हणून वाचली. पेढी रेंगाळली, म्हणून गेली. सॅक्स्ल शहाणे आणि मॅक्स भोळे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने इतक्यावर थांबू नये. ग्रंथालयाला फक्त स्वतःला वाचवायचे होते. पेढीला गिऱ्हाईक, नोकर आणि दारात उभे राहिलेले निर्वासित यांना टाकून जावे लागणार होते. मॅक्स यांचा अंदाज चुकला, यात शंका नाही. पण ते राहिले त्या पाच वर्षांत त्यांची पेढी हजारो लोकांसाठी दाराची उंबरठा-पट्टी होती. त्यांच्या चुकीवर पाय ठेवून पुष्कळजण पलीकडे गेले.

दुसरी गोष्ट अशी की, हा छळ आरंभी तलवारीने आला नाही. तो अर्जाच्या नमुन्याने, कराच्या दराने, राजीनाम्याच्या पत्राने आणि हुंडणावळीच्या तक्त्याने आला. प्रत्येक कागदावर कोणीतरी सही करीत होते, आणि त्यांतले बहुतेक स्वतःला सभ्य समजत होते. हापागच्या त्या सभेत माना खाली घालून बसलेली माणसे क्रूर नव्हती. त्यांना लाज वाटत होती. फक्त कोणी बोलले नाही. पुढच्या पाच वर्षांत काय काय शक्य झाले, याचे कारण त्या शांततेत शोधले पाहिजे.

आबी वारबुर्ग यांनी दारावर स्मृतीचे नाव कोरले होते. स्मृती म्हणजे मेलेल्यांसाठी उसासे टाकणे नव्हे. पुढच्या वेळी एखाद्या सभेत अशी शांतता पसरली तर ती ओळखता यावी, एवढ्यासाठी तिचा उपयोग आहे.